उपासाला बसलेली टाकी

आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागाच्या निवृत्त प्रमुख डॉ. कुमुदिनी शेजवळ यांना यंदा पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मी लिहावं असं संपादक मंडळाने सुचवलं आणि 'हृद्य आठवणी' असा विषयही परस्पर ठरवून टाकला. मी होकार दिला आणि त्याच दिवशी बाईंचा फोन आला. ना नमस्कार, ना चमत्कार.

"अहो दातार, तुम्ही लिहिताय म्हणे. विशेषणं आवरा. आणि जे जे म्हणाल त्याला पुरावा द्या. नुसतं 'बाई प्रेमळ आहेत' असं लिहिलंत तर मी खोडायला लावीन. आणि शेवटी ते शंभर वर्षं जगा वगैरे नको. त्याला काही आधार नाही."

तेव्हा वाचकांनी हा लेख धाकाखाली लिहिलेला आहे हे लक्षात ठेवूनच पुढे वाचावं. मी रसायनशास्त्राचा माणूस, पुराव्याला मी भीत नाही. बाईंना मात्र अजूनही भितो. या विधानाला पुरावा मागू नये, अख्खं कॉलेज साक्षीला आहे.

बाईंची आणि माझी पहिली भेट एका बादलीमुळे झाली. मी नुकताच कॉलेजात लागलो होतो आणि प्रयोगशाळेत उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. दार ढकलून एक ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या बाई आत आल्या आणि हातातली प्लास्टिकची बादली त्यांनी थेट माझ्या उत्तरपत्रिकांवर ठेवली. बादलीत एक मासा होता. अंगावर लाल चट्टे, एका कुशीवर कललेला, आणि माझ्याकडे टक लावून बघत असलेला.

"तुम्ही दातार ना? ओव्याचं तेल काढता येईल का तुम्हाला?"

आता माझी परिस्थिती सांगतो. आमचं घर पंचवटीतलं. चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूणही उंबऱ्याच्या आत येत नाही. मासा मी तोवर पुस्तकातल्या चित्रात आणि गोदावरीच्या पाण्यात, तोही लांबूनच, पाहिलेला. मी खुर्ची मागे सरकवत म्हणालो, "मॅडम, आधी हे खाली ठेवता का?"

"मॅडम म्हणू नका, साड्यांच्या दुकानात आल्यासारखं वाटतं. बाई म्हणा. आणि त्याला खाली का ठेवू? आजारी आहे तो."

मग त्या माझ्याच खुर्चीत बसल्या आणि मला उभं ठेवून त्यांनी सगळं सांगितलं. माशाच्या अंगावरचे चट्टे जंतूंचे. मत्स्यपालन करणारे लोक काय करतात, की मासा आजारी असो वा नसो, तळ्यात प्रतिजैविकाची पावडर ओततात. थोडे जंतू मरतात आणि उरलेले त्या औषधाला सरावतात. मग पुढच्या वेळी आणखी ओततात.

"अशाने एक दिवस औषधाची धारच जाते हो. उद्या कुणाला तरी ते खरोखर लागलं, तर काय देणार त्याला?"

"कुणाला?" मी विचारलं.

"कुणाला ते मला काय माहीत! कुणालाही. तर ओवा, लवंग, तुळस, यांच्या तेलात जंतू मारायची ताकद असते. ते तेल माशाच्या खाद्याला चोळलं तर मासा मुळात आजारीच कमी पडेल का, हे मला बघायचंय. येईल का काढता?"

मी येईल म्हणालो. विज्ञानाची ओढ वगैरे काही नव्हती, ती बादली टेबलावरून हलावी म्हणून म्हणालो. बाईंच्या मते हाही माझ्या स्वभावाचा एक महत्त्वाचा पुरावा आहे.

तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या यंत्रात ओवा, लवंग नाहीतर तुळस उकळत असे, आणि वर चढणाऱ्या वाफेतून थेंब थेंब तेल गोळा होत असे. वास पार ऑफिसपर्यंत जायचा. विद्यार्थ्यांना भूक लागायची आणि प्राध्यापकांना आपापल्या दाढा आठवायच्या. लवंगेचं तेल निघालं की मराठीचे सर कापसाचा बोळा घेऊन हजर. त्यांच्यामागून हिशेब खात्यातले दोघे. एकदा तर खुद्द प्राचार्य गाल धरून आले आणि "सहज पाहणीला आलो होतो" म्हणाले. बाटली भरेपर्यंत रिकामी व्हायची. आमच्या संशोधनाचा बराच भाग सहकाऱ्यांच्या दाढांत गेला, आणि त्याच्या परिणामांची नोंद मात्र कोणी ठेवली नाही, याचं बाईंना अजून वाईट वाटतं.

माझ्या घरी वेगळंच महाभारत सुरू झालं. रोज संध्याकाळी मी घरी येई तो अंगाला माशाचा वास आणि त्यावर लवंगेचा वास घेऊन. माझी बायको शैलजा काही बोलत नसे. नाक ओढून बघे आणि ताट वाढे. एक दिवस मात्र ताट वाढलंच नाही. "बाहेर खायचं ते खाताच, वर ते लपवायला लवंगा चावता? निदान खरं तरी बोला," एवढं म्हणून ती रडायलाच लागली. मी कपाळावर हात मारला. लाख समजावलं, काही उपयोग झाला नाही. आईने तर जपमाळ काढली.

दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना बोलून गेलो. त्या हसल्या नाहीत. संध्याकाळी त्या आमच्या दारात उभ्या होत्या, एका हातात लवंग तेलाची बाटली आणि दुसऱ्या हातात माशांच्या खाद्याची पिशवी. शैलजाला समोर बसवून त्यांनी दोन्हींचा वास घ्यायला लावला, माझ्या शर्टाच्या बाहीचा घ्यायला लावला, आणि म्हणाल्या, "आता ह्यांचं तोंड हुंगून बघ. तिथे फक्त चहा असेल." शैलजा लाजून लाल झाली. मग बाई आमच्याकडे जेवल्या, आईला आमटीची कृती विचारली आणि निघताना शैलजाला म्हणाल्या, "हा माणूस मासे खाणार नाही गं. याला माशाची भीती वाटते." त्या दिवसापासून त्या दोघी मैत्रिणी झाल्या आणि माझी बाजू घेणारं कोणीच उरलं नाही. बाई प्रेमळ आहेत याला हा पुरावा जोडत आहे.

आता मूळ कामाकडे येतो. प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेटीत तेल चाललं म्हणून शेतकऱ्याच्या तळ्यात चालेलच असं नाही, हे बाई पहिल्यापासून म्हणत. त्यांना खरी जागा हवी होती. ती मिळाली गंगापूर धरणाच्या वाटेवर, दत्तूभाऊ आणि शकुंतलाताई या जोडप्याच्या मळ्यात. झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर अशी त्यांची बाजाराची शेती. त्याला जोड म्हणून दत्तूभाऊंनी शेततळ्यात मासे सोडले होते आणि ते देवळाली कॅम्पच्या बाजारात नेऊन विकत. आदल्या हंगामात माशांवर चट्टे उठले, गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली आणि निम्मा माल परत आणावा लागला. त्यामुळे या खेपेला त्यांनी कुणाच्या तरी सल्ल्याने प्रतिजैविकाच्या पावडरीची मोठी पुडी आणून ठेवली होती. बाई पोचल्या तेव्हा ते ती फोडायच्याच बेतात होते.

बाईंनी बरंच समजावल्यावर दत्तूभाऊ म्हणाले, "बाई, तुमच्या शब्दाखातर एक हंगाम थांबतो. त्या दोन शिमिटाच्या टाक्या घ्या, तळ्यातलंच पाणी घ्या, मासे घ्या. पन तेलानं काय झालं नाय, तर ही पुडी मी तळ्यात वतनार. मंग मधी बोलायचं नाय."

"नाही बोलणार," बाई म्हणाल्या. "तुझ्याशी नाही आणि दुसऱ्या कुणाशीही नाही. तेल कामाचं नाही असं दिसलं तर मी हा विषयच बंद करीन."

दत्तूभाऊंनी ती पुडी गोठ्यातल्या खुंटीला टांगली. मी मात्र चरकलो. बाईंनी इतकी वर्षं ज्याच्यापायी टोमणे सोसले, सहकाऱ्यांनी ज्यावरून त्यांना पाठीमागे 'मसालेवाल्या बाई' म्हटलं, ते सगळं त्यांनी एका खुंटीला टांगलं होतं. परत येताना स्कूटरवर मी मागे बसून तसं म्हणालोही. बाई म्हणाल्या, "मग काय, हट्टाने खोटं रेटू? तेलात दम नसेल तर नसेल."

प्रयोग सोपा होता. एका टाकीतल्या माशांना तेल चोळलेलं खाद्य, दुसऱ्या टाकीतल्यांना साधं. दुसरीला आम्ही नियंत्रण टाकी म्हणतो. ती नसेल तर पहिल्या टाकीत जे झालं ते तेलाने झालं की आपसूक, हे कळायला मार्ग नसतो. दोन्हींकडे बघायचं काम शकुंतलाताईंकडे. त्या अतिशय नेमाच्या. सकाळ-संध्याकाळ पदर खोचून टाक्यांवर हजर. बाईंना त्यांचं फार कौतुक. "अशी एक मुलगी मला एम.एस्सी.ला मिळाली नाही," असं त्या मला ऐकवत. मी एम.एस्सी. आहे.

हंगाम सरत आला आणि आम्ही मासे तपासायला गेलो. जाळ्याने एकेक मासा काढायचा, उलटसुलट करून बघायचा, परत सोडायचा. बाई बघत होत्या आणि मी लांबून लिहून घेत होतो. तेलाच्या टाकीतले मासे ठणठणीत निघाले. मला हुरूप आला. मग दुसरी टाकी घेतली. तीही ठणठणीत.

बाई टाकीच्या कठड्यावर बसल्या.

मी म्हणालो, "बाई, दोन्हींकडचे बरे आहेत, म्हणजे चांगलंच आहे की."

"दातार, तुम्ही खरंच शिकलायत का? दोन्हींकडचे सारखेच बरे असतील, तर तेलाने काय केलं? काही नाही केलं."

"पण तळ्यातल्या माशांवर तर चट्टे आहेत..."

"तळं मोठं, तिथे गर्दी वेगळी, ऊन वेगळं. त्याची तुलना चालत नाही." आणि त्या दत्तूभाऊंना म्हणाल्या, "दत्तू, तुझं बरोबर होतं. काढ ती पुडी."

इतक्या वर्षांत मी बाईंचा आवाज इतका बारीक झालेला ऐकला नव्हता. दत्तूभाऊंनाही जिंकल्याचा काही आनंद झाला नाही. ते उगाच गोठ्याकडे दोन पावलं गेले आणि थबकले. तेवढ्यात बाईंनी नाक फेंदारलं. जाळ्यात राहिलेला खाद्याचा एक ओला कण त्यांनी चिमटीत धरून हुंगला.

"दातार, इकडे या. वास घ्या."

मी श्वास रोखून वाकलो आणि मग नाइलाजाने श्वास घेतला. "लवंग," मी म्हणालो. "ही कुठली टाकी?"

"बिनतेलाची!"

आम्ही सगळ्यांनी मिळून शकुंतलाताईंकडे पाहिलं. त्या चुलीवर चहा ठेवत होत्या.

"शकुंतला, या टाकीला कोणतं खाद्य घालतेस गं?"

"दोन्हीला सारखंच की."

"सारखंच म्हणजे?"

"तेलाचं. आता बाई, तुमीच सांगा. शेजारी शेजारी दोन पंगती बसल्यात. एकीला वासाचं, चवीचं वाढायचं आन् एकीला कोरडं? ते बघत्यात ना तिकडून! पयल्या दिवशी घातलं मी कोरडं. तर सगळे वर येऊन माज्याकडं तोंडं करून ऱ्हायले. माजा हात उचलंना. सासूबाईंनी लग्न झाल्या झाल्या सांगितलं व्हतं, पोरी, ह्या घरात पंक्तिप्रपंच कधी झाला नाय. मंग तुमच्या डब्यातलं निम्मं निम्मं करून वाढलं."

"अगं, पण ते मासे आहेत!"

"म्हनून काय त्यांना जीव नाय?"

यावर रसायनशास्त्रात किंवा प्राणिशास्त्रात उत्तर नाही. बाई जे हसायला लागल्या, की कठड्यावरून टाकीत पडतात की काय अशी मला भीती वाटली. हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, "दातार, सुटलो हो आपण! तेल नापास झालेलं नाही. परीक्षाच झालेली नाही!"

पण हंगाम तर संपला होता आणि शब्द एकाच हंगामाचा होता. बाई दत्तूभाऊंकडे काही मागायला तयार होईनात. "बोलायचं नाही असं ठरलंय," म्हणून गप्प. शेवटी शकुंतलाताईंनीच नवऱ्याला सांगितलं, "माज्यामुळं बिघडलं ना? मंग आनखी एक हंगाम ती पुडी खुंटीलाच ऱ्हाऊ द्या. नायतर उद्यापासून चहा तुमचा तुमी करा." दत्तूभाऊ विचार करायला दोन मिनिटंही थांबले नाहीत.

पुढची अडचण मोठी होती. शकुंतलाताई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "मला नाय व्हायचं हो बाई. हात आपोआप तिकडं जातो." बाईंनी त्यांना नियंत्रण गटाचं तत्त्व समजावलं. मग मी समजावलं. मग बाईंनी माझं समजावणं चूक कसं होतं ते समजावलं. शकुंतलाताई मान डोलवत होत्या आणि शेवटी पुन्हा, "ते समदं खरं. पन बघत्यात ना ते."

इथे एक सांगायला हवं, की बाईंनी आयुष्यात एकही उपास केलेला नाही. संकष्टी कधी असते हे त्यांना आमच्या स्टाफरूममधल्या साबुदाण्याच्या डब्यांवरून कळतं. त्या बाई घसा खाकरून म्हणाल्या, "शकुंतला, खरं सांगू का? त्या टाकीचा उपास आहे."

"उपास?"

"व्रत आहे. हा हंगामभर तेल वर्ज्य."

शकुंतलाताईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अवं, मंग असं आदी नाय का सांगायचं! उपास असंल तर मी कशाला मोडीन? मोडनाऱ्याला पाप." आणि मग जरा काळजीने, "निर्जळी नाय ना?"

"माशांना निर्जळी कसा करता येईल, शकुंतला?"

परत येताना बाई स्कूटर चालवत होत्या. त्या नाशिकरोडला राहायच्या आणि मला वाटेत द्वारका चौकात सोडायच्या. द्वारकेला नेहमीप्रमाणे सगळ्या बाजूंनी सगळी वाहनं अडकलेली. त्या गोंगाटात बाई मान मागे वळवून म्हणाल्या, "दातार, आज मी विज्ञानासाठी धादांत खोटं बोलले."

मी धीर दिला, "बाई, एखादी गोष्ट वर्ज्य करणं म्हणजेच उपास. शास्त्रोक्त बघायला गेलं तर..."

"शास्त्रोक्त हा शब्द तुम्ही वापरू नका." शेजारच्या रिक्षावाल्याने आमच्याकडे आणि आमच्या पिशव्यांकडे बघून विचारलं, "काय मसाला बनवता काय, लय भारी वास येतोय." बाईंनी त्याला सगळा विषय पहिल्यापासून सांगितला. वाहतूक सुटली तरी आम्ही तिथेच. मागचे हॉर्न वाजवत होते आणि रिक्षावाला विचारत होता, "मंग औषध कुनासाठी ठेवायचं म्हनता?"

"कुणालाही लागेल हो. तुम्हालासुद्धा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या हंगामात शकुंतलाताईंनी ते व्रत काय सांभाळलं! उपासाच्या टाकीला त्या हात जोडून मगच खाद्य घालत. तेलाचा हात लागला तर धुऊन येत. कुणी पाहुणा टाकीत काही टाकायला गेला तर खेकसत, "त्यांचा उपास हाय!" नियंत्रण गटाची इतकी निर्मळ देखभाल जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत होत नसेल. हळूहळू त्या टाकीतल्या माशांवर लाल चट्टे दिसू लागले. शेजारच्या तेलाच्या टाकीत एखाददुसऱ्या माशावर होते, बाकीचे स्वच्छ. "व्रत लय कडक हाय हो बाई," असं म्हणताना शकुंतलाताईंचे डोळे भरून येत. बाईही आतून हललेल्या असत, पण म्हणत, "थोडं थांब."

पुरेसं बघून झाल्यावर बाईंनी जाहीर केलं, "शकुंतला, आज पारणं." आणि शकुंतलाताईंनी तेल चोळलेलं खाद्य ओंजळी भरभरून त्या टाकीत घातलं. त्या खाद्यावर बरेचसे मासे सावरले. सगळे नाही, हे बाईंच्या धाकाने लिहितो. त्याच धाकाने हेही लिहितो, की तेल म्हणजे जादू नव्हे. पाणी घाण ठेवलं आणि माशांची दाटी केली तर कुठलंच तेल तारत नाही, हे बाई प्रत्येक सभेत सांगतात, आणि प्रत्येक सभेत कुणीतरी नंतर येऊन विचारतंच, "बाई, दाढेला चालेल का?"

शोधनिबंध लिहायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, पहिला हंगाम सोडूनच देऊ. बाई भडकल्या. झालं ते लिहायचं. त्यांनी लिहिलं, की पहिल्या हंगामातली निरीक्षणं देखरेख करणाऱ्या व्यक्तीच्या दयाबुद्धीमुळे बाद धरली आहेत. नियतकालिकाच्या संपादकांनी विचारलं, दयाबुद्धी म्हणजे नेमका कोणता घटक? बाईंनी उत्तर दिलं, मोजता न आलेला. निबंधावर पहिलं नाव माझं घातलं. मी संकोचलो, तर म्हणाल्या, "तेल तुम्ही काढलंत, मासे शकुंतलाने सांभाळले, मी नुसती ओरडले." शकुंतलाताईंचे आभार शेवटी छापले होते. ते पान त्यांच्या देवघराशेजारी काचेत लावलेलं आहे. आणि दत्तूभाऊंची ती पुडी, न फोडलेली, गोठ्यातल्या खुंटीला तशीच राहिली.

आता गेल्या वर्षीचं सांगतो. हे लिहिताना मला विनोद सुचत नाही.

बाईंना ताप आला. वय झालं तरी त्या डॉक्टरकडे जायला उशीरच करतात. दवाखान्यात नेलं तेव्हा मूत्रपिंडापर्यंत जंतू पोचले होते. पहिलं औषध दिलं, ताप उतरेना. दुसरं दिलं, उतरेना. तरुण डॉक्टर आम्हाला म्हणाले, "जंतू हट्टी आहेत. कोणतं औषध लागू पडतंय त्याची तपासणी चालू आहे, रिपोर्ट आला की बघू." आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो, मी, शैलजा, दत्तूभाऊ आणि शकुंतलाताई. बाईंना खाणं बंद होतं. शकुंतलाताई डबा मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "बाईंनी जन्मात उपास केला नाय, आन् आता बगा." मला फार भीती वाटत होती. बाई गेल्या तर, एवढंच डोक्यात येत होतं, आणि त्याच्या पुढे काही सुचत नव्हतं.

रिपोर्ट आला. डॉक्टरांनी बोट फिरवत नेलं. हे चालत नाही, हे नाही, हेही नाही. मग बोट थांबलं. "हे एक चालतंय. नशीब." औषधाचं नाव मी वाचलं. मी रसायनशास्त्राचा माणूस, नावावरून कुळी ओळखतो. दत्तूभाऊंच्या खुंटीवरच्या पुडीतल्या औषधाचंच ते भावंड होतं. मी तसं दत्तूभाऊंना सांगितलं. मग त्यांना वेगळीच काळजी पडली.

"पन सर, बाई घेतील का ते? जन्मभर नको नको म्हनल्या."

खरं सांगतो, ही शंका आम्हा सगळ्यांना पटली. शैलजालाही पटली. इतकी वर्षं बाईंचं ऐकून आम्ही त्यांना किती ओळखलं होतं, त्याचा हा पुरावा! बाईंना कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं. असं लपवू नका म्हणून डॉक्टर सांगत होते, तोवर सलाईनमधून औषध सुरूही झालं. आम्ही खाटेभोवती उभे. बाईंनी डोळे उघडले, वर टांगलेल्या बाटलीकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "काय चढवताय?"

शेवटी दत्तूभाऊ पुढे झाले. "काय नाय बाई. लवंगाचं तेल हाय."

बाईंचे डोळे टक्क उघडले. "शिरेत? लवंगेचं तेल शिरेत? अरे, मारताय का मला? दातार, तुम्ही इथे उभे असून हे होऊ दिलंत?"

मग सगळं सांगावंच लागलं. औषधाचं नाव ऐकून बाई म्हणाल्या, "चालतंय ना ते?"

"चालतंय," डॉक्टर म्हणाले.

"मग घेणार नाही असं कोण म्हणालं?"

"तुमीच तर म्हनायच्या," दत्तूभाऊ कळवळून म्हणाले, "औषध नाय वतायचं, नाय वतायचं..."

"तळ्यात नाही ओतायचं रे! मी तळं आहे का?" बाईंना धाप लागली. थोडं थांबून त्या हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं मी तुला ती पुडी फोडू दिली नाही, ते औषध उद्या कुणाला तरी लागेल म्हणून. ते कुणीतरी कोण, ते मला कुठे माहीत होतं? आता ती मीच निघाले. तुम्ही राखून ठेवलंत माझ्यासाठी. आता नीट जाऊ द्या ते आत."

दत्तूभाऊ तिथेच ओक्साबोक्शी रडायला लागले. मीही रडलो. शैलजाने मला पदर दिला आणि बाईंनी डोळे मिटले.

ताप उतरत गेला. डॉक्टरांनी खायला परवानगी दिली त्या दिवशी शकुंतलाताई मोठं पातेलं घेऊन आल्या, मऊ खिचडीचं. बाईंना वाढली, आणि मग त्या वॉर्डातल्या प्रत्येक खाटेपाशी जाऊन ज्याला चालते त्या प्रत्येकाला वाढू लागल्या. नर्स म्हणाली, मावशी, हे काय? शकुंतलाताई म्हणाल्या, "बाईंचं पारनं हाय. एकीला वाढायचं आन् बाकीच्यांनी बघत बसायचं व्हय?" बाई उशीला टेकून ते सगळं बघत होत्या. मला म्हणाल्या, "दातार, हा घटक अजून मोजता आला नाही बघा."

बाई, तुमच्या सूचनेप्रमाणे विशेषणं आवरली आहेत आणि शंभर वर्षांचं काही लिहिलेलं नाही. दत्तूभाऊंची पुडी अजून खुंटीलाच आहे, हे मी गेल्या आठवड्यात जाऊन स्वतः पाहून आलो. ते औषध तुम्हाला पुन्हा कधीही न लागो. आणि लागलंच, तर तेव्हाही ते चालेल, एवढं ते आम्ही सगळे मिळून राखून ठेवू.